ओला टप मिटू नये

प्रिय खारू,

रविवारी तू फोनवर म्हणालीस, 'अहो मावशी, तुम्हाला आता झेपत नाही, तर गाडी त्या दातांच्या डॉक्टरांना देऊन टाका. मला नको.' मी बरं म्हणून फोन ठेवला. फोनवर मी वाद घालत नाही, मुद्दा निसटतो. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला गाडी चालवायला आणि बारीक काम करायला मनाई केली आहे, म्हणजे हे प्रकरण पुढे ढकलण्यासारखंही राहिलेलं नाही. दिसतंय तोवर लिहून टाकते. अक्षर मोठं आहे, कारण लहान लिहिलं तर माझं मलाच वाचता येत नाही. खारू हे तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. इतक्या वर्षांत ते माझ्या तोंडून कधी आलं नाही, लिहायला मात्र सोपं जातंय.

समोरचे दातांचे डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत. बाबा गेल्यावर भेटायला आले, तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधी त्यांची नजर गॅरेजकडे गेली, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ओशाळले नाहीत. म्हणाले, 'काय करू काकू, किडलेला दात आणि जुनी गाडी दिसली की माझे हात शिवशिवतात.' त्यानंतर दर सुट्टीच्या दिवशी फाटकाशी येऊन चौकशी करतात. मागच्या आठवड्यात आत आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, इंजिन झकास आहे, फक्त छताचा हा कापडी टप आधी फाडून काढणार. काळा कोरा टप घालतो, बटण दाबलं की आपोआप मिटणारा. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उतरवलं. त्यांना वाटलं, गॅस संपला.

तेव्हा गाडी डॉक्टरांना जाणार नाही. तुला नको असली तरी तुझ्याकडे येणार आहे. का, ते शेवटी सांगते. आधी टपाची निगा कशी ठेवायची ते सांगते, कारण ते चुकलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मी या घरात आले तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक रसायनशास्त्राची पदवी आणि दुसरी कापड गिरणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी. दिवसभर मी कापडावर डाग पाडायची आणि ते काढायची. शाई, वंगण, गंज, रक्त, काहीही. कुठला डाग कशाने जातो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, आणि न निघणारा डाग हा मला स्वतःचा अपमान वाटायचा. अशा बाईला तुझ्या बाबांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात गॅरेज दाखवलं. चादर ओढून काढली, आणि खाली ती गाडी, टप मागे मिटलेला, घड्यांमधून बुरशीचा वास. तू पायरीवर दुधाचा पेला घेऊन बसली होतीस. मी विचारलं, हा असा किती दिवस मिटून ठेवलाय? बाबा चादरीची घडी घालत राहिले. मग कळलं की तुझ्या आईला शेवटचं दवाखान्यात नेताना तिने वारा हवा म्हणून टप उघडायला लावला होता. परत येताना ते एकटे होते, पाऊस होता, आणि टप लावायचा असतो हे त्यांना सुचलं नाही. तशीच गाडी आत घातली आणि भिजलेल्या टपावर चादर टाकली. तो उलगडायचा धीर नंतर कधी झालाच नाही.

ओला टप मिटून ठेवला की दोन गोष्टी होतात. घडीत बुरशी धरते, आणि कापड आखडतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी तो ओढला तर पुढच्या कडीपर्यंत पोचेना. कोमट पाण्याचं फडकं फिरवून, थोडं ओढून, थोडं थांबून, पुन्हा ओढून तो लावायला दुपार झाली. बाबा घामाघूम. म्हणाले, 'तुम्ही गिरणीतल्या बायका हट्टी असता का सगळ्या?' मी म्हटलं, नाही, हट्टी होत्या त्यांनाच नोकरीवर ठेवलं. तू तेव्हा हसली होतीस. मला आठवतं, कारण त्या दिवसातलं तेवढंच.

तर ध्यानात ठेव. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढायची, पुढून मागे, विणीच्या दिशेने. गोल गोल घासायचं नाही, कापडाला लव सुटते. दोऱ्या, केस, झाडाचा कचरा चिकटपट्टीने उचलायचा. मग गाडी सावलीत घ्यायची. तापलेल्या कापडावर साबण लागला की धुवायच्या आधीच वाळतो आणि पांढरे नकाशे उमटतात. साबण सौम्य हवा, बाळाचे कपडे धुतो तसला. कपड्यांची पावडर नको, आणि कपडे पांढरे करायचं ते पाणी तर त्या गॅरेजच्या आसपासही नको. पक्ष्याची घाण पडली तर ओलं फडकं ठेवून ती भिजू द्यायची, नखाने खरवडायची नाही. हे तुला मुद्दाम सांगते. तू लहानपणी गुडघ्यावरची खपलीसुद्धा धरू द्यायची नाहीस. डाग एकाच जागी दिसला तरी शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्खा भाग धुवायचा, नाहीतर डाग जातो आणि त्याच्या जागी कडं राहतं. मग पाणी, फेस दिसेनासा होईपर्यंत. रस्त्यावरच्या धुलाई केंद्रात तो बंदुकीसारखा फवारा असतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. शिवणी उसवतात. मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे, तिला वेगळं मऊ सुती फडकं, आणि टप मिटताना तिच्या घडीत फ्लॅनेलचा तुकडा.

या कामात पाणी बाबांचं आणि ब्रश माझा, अशी वाटणी होती. रबरी नळी धरून ते उभे राहायचे आणि सूचना द्यायचे. 'तिकडे राहिलं बघ.' मी म्हणायची, तिकडे मुद्दाम राहिलंय, तुम्ही पाणी इकडे मारा. मग ते पाणी माझ्या पायांवर मारायचे. तू कधी खिडकीत दिसलीस तर दोघं गप्प व्हायचो. तुला वाटायचं आपल्याविषयी बोलत होते. तसं नव्हतं. तुझ्यासमोर हसणं आम्हाला चोरी केल्यासारखं वाटायचं. हे तुला आता सांगून उपयोग नाही, पण पान रिकामं होतं म्हणून लिहिलं.

तू त्या गाडीत पुन्हा बसली नाहीस. शाळेला बस, क्लासला सायकल, वसतिगृहात जाताना टॅक्सी. आजारी होतीस, ताप होता, तरी म्हणालीस बसने जाईन. बाबांनी विनवलं, आत्याने रागावून पाहिलं. मी मध्ये पडले नाही. मला वाटलं, आईच्या गाडीत दुसरी बाई बसते हे हिला बघवत नाही, आणि ते मला समजण्यासारखं होतं. आत्याला तू 'अगं' म्हणतेस, मला 'अहो मावशी'. तेही समजण्यासारखंच होतं. मी त्यावर कधी बोट ठेवलं नाही. ज्या कापडाचा पोत माहीत नाही, त्यावर आधी एका कोपऱ्यात थेंब टाकून बघायचा असतो. मी थेंब टाकून बघितला होता. पाणी आत गेलं नाही.

आता पाणी न झिरपण्याचं औषध. वर्षातून दोनदा, टप पूर्ण सुकल्यावर. पूर्ण म्हणजे पूर्ण, शिवणीत बोट घालून बघायचं. काचा आणि पत्रा जुन्या चादरींनी झाकायचा आणि फवारा हलक्या हाताने, एकावर एक दोन थर. औषध नीट बसलं की पाण्याचे मणी होऊन ते घरंगळून जातं. मणी व्हायचं थांबलं की समजायचं, वेळ झाली. फवारायच्या आधी मात्र आणखी एक जागा झाकायची आहे. चालकाच्या शेजारच्या बाजूचा पुढचा कोपरा, कडीच्या वर. तिथे साबण नाही, ब्रश नाही, औषध नाही. धूळ बसली तर फुंकर.

या कोपऱ्याचं आता सविस्तर सांगते.

त्या पहिल्या दिवशी टप लागला आणि मी सगळीकडे फेस केला. तेव्हा त्या कोपऱ्यात मला काहीतरी हिरवं दिसलं. तेलरंग, जुना, कापडात मुरलेला. मी खूश झाले. बाकी सगळी बुरशी होती, हा एक खरा डाग होता. गाडी म्हणजे वंगणाचे डाग असणारच, म्हणून टर्पेंटाइनची बाटली मी सकाळीच आणून कट्ट्यावर ठेवली होती. तुम्हा दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, हा निघेल, अर्ध्या तासात नामोनिशाण उरणार नाही. आणि त्यावर साबणाचा फेस ओढला. तू पेला पायरीवर ठेवून दोन पावलं पुढे आली होतीस. मग वळून आत गेलीस आणि दाराची कडी लावलीस. दूध तसंच राहिलं. मला वाटलं, कंटाळली.

त्यानंतरचं तू पाहिलेलं नाहीस. बाबांनी नळी खाली ठेवली. म्हणाले, 'तो गेटाचा आहे.' मी गेटाकडे बघितलं, तेव्हा ते हिरवं होतं. विचारलं, कोणी लावला होता? त्यांनी नुसता आपला पंजा उघडून माझ्यासमोर धरला. मग मी त्या कोपऱ्यावरचा फेस हाताने बाजूला केला आणि नीट बघितलं. तीन बोटं आणि अर्धा तळवा. बाबांच्या पंजापेक्षा कितीतरी लहान. नंतर तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. तुझी आई गेट रंगवत होती, एकाएकी पाऊस आला, गाडी बाहेर उघडी होती. ती ब्रश टाकून धावली, टप ओढला आणि रंगाच्या हातानेच पुढची कडी दाबून बसवली. मग हात बघून इतकी हसली, की त्यांनाच जाऊन गेटाच्या रंगाचा डबा झाकावा लागला. तू तेव्हा मागच्या बाकावर होतीस, भिजून चिंब, आणि तूही हसत होतीस.

मी त्या कोपऱ्यावर स्वच्छ पाणी सोडलं, टिपकागद लावून तो सुकवला आणि बाटली उचलून कपाटात ठेवली. आमचं त्यावर पुढे बोलणं झालं नाही. जेवायला बसलो तेव्हा तू ताटाकडे बघत होतीस, आम्ही तुझ्याकडे.

मात्र त्या दिवसापासून बाबा गाडी उलटी आत घालायला लागले. तुला आठवत असेल, गल्लीतली मुलं हसायची, कारण त्यांना उलटी घालता यायची नाही. एकदा भिंतीला, एकदा कुंडीला, एकदा माझ्या पायाला. तुला ती बाबांची लहर वाटायची आणि तू वैतागायचीस. सरळ घातली तर तो कोपरा खिडकीतल्या उन्हात यायचा. उन्हाने रंग उडतो. उलटी घातली की तो भिंतीकडे, सावलीत. त्यामुळे तो घरातूनही कधी कोणाला दिसला नाही. आता गेट करडं आहे. मधे ते निळंही होऊन गेलं. तो हिरवा आता फक्त त्या टपावर आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या जागी औषध लावत नाही, म्हणून पावसात पाणी तिथून आत येतं. फार नाही. थेंब थेंब, बरोबर शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या खांद्यावर. मी तिथे छोटा टॉवेल घेऊन बसायची. आत्या चिडवायची, 'वहिनी, लोक गाडीत पर्स घेऊन बसतात, तू पंचा घेऊन बसतेस.' गाड्यांच्या गाद्या आणि टप शिवणाऱ्यांनी शिवणी दोनदा नव्याने घातल्या, दोन्ही वेळा म्हणाले, बाई, कापड थकलंय, बदला. बाबा माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, शिवणीचं बोला. इतकी वर्षं खांदा ओला झाला, त्याची तक्रार नाही. बसायची जागा तिची होती, तर तिच्या हाताखालून येणारं पाणी आपल्या वाट्याला येणारच. थंडीत मात्र कुडकुडायला व्हायचं.

आता डोळ्यांचं. माझा आजार असा आहे, की बाजूचं सगळं दिसतं आणि ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. मधोमध एक धुरकट टिकली. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे आयुष्यभर जसं होतं तसंच. त्यांना विनोद कळला नाही. महिन्यापूर्वी मी टप धुवायला घेतला. नळी आता शेजारच्या खिळ्याला बांधते, बाबांची उंची साधून. शेजारचा भाग धुता धुता मी त्या कोपऱ्याशी आले आणि मला तो हात दिसेना. मान तिरकी केली तर दिसला, सरळ बघितलं तर नाही. आणि त्या तिरक्या नजरेत मला कळलं, की ब्रश करंगळीच्या टोकावर टेकलेला आहे. साबणासकट. हात आपोआप थांबला, सवयीचा होता म्हणून. पाणी सोडलं. भिंगातून बघितलं, काही गेलेलं नाही. पण मी प्रयोगशाळेत काम केलेली बाई आहे. एकदा थांबलेला हात पुढच्या वेळी थांबेल असं मी लिहून देऊ शकत नाही. म्हणून ब्रश खाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

एवढंच असतं तर हे मी फोनवर सांगितलं असतं, वाद घालून का होईना. लिहायला बसले ते आत्यामुळे. तुझा फोन येऊन गेल्यावर ती आली. मी म्हटलं, गाडी पोरीला नको आहे, काय हा हट्ट. आत्या चपला काढता काढता सहज बोलून गेली, 'वहिनी, तिचं कसलं घेऊन बसलीस. तिच्या डोक्यात लहानपणापासून एकच, की मावशीने आल्या आल्या माझ्या आईचा हात पुसला.' मी विचारलं, कुठला हात? आत्या म्हणाली, 'टपावरचा म्हणे. मला काय ठाऊक. मला वाटलं तुला माहीत असेल.' मला माहीत नव्हतं, खारू. मला वाटलं होतं, तुला मी नको आहे. त्यावर इलाज नसतो, म्हणून मी काही केलं नाही. तू फेस पाहिलास, बाटली पाहिलीस, निकाल लावलास आणि आत गेलीस. पुढे वकील झालीस, पण तेव्हा समोरच्याची बाजू ऐकून घ्यायचं तुझं वय नव्हतं, आणि मला तू काय पाहिलंस ते कळलं नव्हतं. बाबांनाही नाही, नाहीतर त्यांनी तुला उचलून त्या कोपऱ्यापाशी नेलं असतं. मी खुलासे लिहिणारी नाही. पण तो हात अजून आहे आणि तू तो गेला म्हणून धरून चालली आहेस, हे असं राहता कामा नये. गाडी शनिवारी सकाळी तुझ्या दाराशी येईल. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आणतील, टप लावलेला असेल. त्यांना मी सांगितलंय, चालकाच्या शेजारची बाजू घराकडे करून उभी करा. आधी ती बाजू बघ, मग मला नको म्हण. आणि बघितल्यावर फोन करावासा वाटला तर कर. मला 'अहो' म्हटलेलं चालतं, कानांना सवय आहे.

तुझीच,
मावशी

ता. क. मास्तरांच्या हाती दिलेलं, मोजून घेणे. गाडी एक, टपासह. किल्ल्या दोन, त्यातली बाबांची तुटक्या कडीची. मोठा मऊ ब्रश, आणि शिवणींसाठी लहान. साबणाची बाटली, अर्धी. झिरपू न देणारं औषध, नवं. फ्लॅनेलचा तुकडा, मागच्या खिडकीच्या घडीसाठी. टॉवेल एक, धुतलेला. टर्पेंटाइनची बाटली एक, त्या दिवशीचीच, सील न फोडलेली. मेणकापडाचा तुकडा एक, औषध फवारताना झाकायला, तीन बोटं आणि अर्ध्या तळव्याच्या आकारात कापलेला. तो जिथे बरोबर बसेल, तिथेच ठेवायचा.